खिडकी अडकतेय म्हणून लगेच रंधा काढू नका

आधी माझीच फजिती सांगतो. गावाकडचं घर खानदेशात, चोपडा तालुक्यात, तापीपासून फार लांब नाही. जुनं धाब्याचं घर पाडून वडिलांनी स्लॅब टाकला पण सागवानी चौकटी आणि झडपा जुन्या घराच्याच काढून बसवल्या, लाकूड चांगलं होतं म्हणून. एका श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर साफ करायला घेतलं तर मधल्या खोलीची खिडकी हलेचना. शेजारून रंधा आणला, झडप उतरवली आणि दे दणादण घासली. संध्याकाळपर्यंत खिडकी अशी गुळगुळीत लागायला लागली की घरात येईल त्याला मी उघडझाप करून दाखवत होतो. मे महिन्यात त्याच खिडकीत करंगळी जाईल एवढी फट. दुपारची झळ आत, वावटळीची माती थेट पलंगावर. गावातले मिस्तरी नाना बघायला आले, फटीत बोट घातलं आणि एवढंच म्हणाले, "लाकूड वलं व्हतं तवय. आते सुकनं ना भो." म्हणजे तेव्हा लाकूड ओलं होतं, आता सुकलं. मग त्या झडपेला एका बाजूने लाकडाची पट्टी चिकटवून घ्यावी लागली, ती अजून दिसते.

तेव्हापासून घरातल्या, सासरच्या, भाड्याच्या फ्लॅटच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बऱ्याच खिडक्या हाताखालून गेल्या. माझा अनुभव असा की अडकणाऱ्या खिडक्यांपैकी रंधा लागतो अशा फार थोड्या. बाकी ठिकाणी एखादा ढिला स्क्रू, रंगाचे थर, ट्रॅकमधली माती नाहीतर घराखालची काळी जमीन, यातलं काहीतरी निघतं.

आधी बघा, अडकते कधी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. खिडकी वर्षभर अडकते का फक्त पावसाळ्यात? का उलटं, उन्हाळ्यात अडकते आणि पाऊस पडला की मोकळी होते?

फक्त आषाढ ते भाद्रपद अडकत असेल तर लाकूड फुगलंय. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीला. काचेच्या झडपेच्या उभ्या पट्ट्या साधारण तीन इंची असतात, दमट हवेत एकेक पट्टी पाऊण-एक मिलिमीटर फुगते. आता दोन झडपांची खिडकी म्हणजे चार उभ्या पट्ट्या, म्हणजे बंद करताना मध्ये एकूण तीनेक मिलिमीटर जास्त होतात आणि झडपा एकमेकींवर चढतात. जुन्या घरात अख्ख्या फळ्यांच्या झडपा असतात त्या तर अजून जास्त, कारण तिथे पूर्ण रुंदीच फुगते. साग त्यातल्या त्यात कमी हलतो. बाभूळ, निंबाचं लाकूड जास्त हलतं. आणि आपल्याकडे मेमध्ये ४५ अंश आणि एवढी कोरडी हवा की ओला पंचा बघता बघता वाळतो, नंतर जुलैमध्ये एकदम दमट. एवढा मोठा झोका कोकणातल्या लाकडालाही बसत नाही, तिथे पाऊस जास्त असला तरी हवा वर्षभर थोडीफार दमटच असते.

वर्षभर अडकत असेल तर बिजागरी, रंग किंवा चौकट. मे महिन्यात अडकून पावसात सुटत असेल तर ते वेगळंच प्रकरण, त्याच्यावर शेवटी येतो.

अजून एक, फक्त एकच खिडकी भर उन्हाळ्यात अडकत असेल तर बघा तिच्यात कूलर आहे का. हसू नका. कूलरची ओली हवा चार महिने त्याच चौकटीवर मारा करते, खालची पट्टी कायम ओली, आणि झडपा ग्रीलला टेकवून सुतळीने बांधलेल्या, म्हणजे सगळं वजन बिजागरीवर लोंबकळत. जूनमध्ये कूलर काढला की ती खिडकी हमखास लागत नाही. कूलर स्टँडवर ठेवा, चौकटीत आणि कूलरमध्ये थर्माकोल किंवा रबराची पट्टी द्या आणि झडपा बांधायच्याऐवजी सरळ उतरवून कोरड्या खोलीत उभ्या करून ठेवा.

अडकते नक्की कुठे

डोळ्याने कळत नाही, मलातरी कळत नाही. दोन युक्त्या आहेत. पहिली, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी चौकट आणि झडपेच्या मध्ये धरायची, झडप बंद करायची आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे जागा आहे, फाटली तर तिथेच घासतंय. चारही बाजूंनी वीत-वीत अंतरावर असं करत जायचं. दुसरी युक्ती नानांची, पावतीबुकातला कार्बन पेपर चौकटीला लावून झडप दाबून बंद करायची. जिथे दाब तिथे झडपेच्या कडेवर निळा डाग उमटतो. माझ्या त्या खिडकीला मी पूर्ण उभी कड घासली होती, नानांनी दुसऱ्या झडपेला कार्बन लावून दाखवलं तर डाग जेमतेम चार बोटं लांब, वरच्या कोपऱ्यात. बाकीची कड टेकतच नव्हती.

खडूनेही होतं पण पांढऱ्या रंगावर खडू दिसत नाही.

खिडकी पूर्ण चिकटून बसली असेल आणि उघडायचीच पंचाईत असेल तर काचेवर हात टेकवून ढकलू नका. झडपेच्या कोपऱ्यावर, जिथे आडवी-उभी पट्टी मिळते तिथे, घडी केलेलं फडकं ठेवा, त्यावर लाकडाचा ठोकळा आणि हातोडीने हलके ठोके, खालून वरपर्यंत सरकत. पेचकस फटीत घालून उचकटायचा मोह होतो, त्याने चौकटीला कायमचा खड्डा पडतो.

बिजागरी, इथेच अर्ध्या खिडक्या सुटतात

झडप उघडून तिची मोकळी बाजू हाताने वर उचला. खटखट हलली तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले. झडप खाली झुकली की दोन ठिकाणी घासते, मोकळ्या बाजूचा वरचा कोपरा समोरच्या चौकटीवर किंवा दुसऱ्या झडपेवर, आणि खालचा कोपरा उंबरपट्टीवर. अशा दोन जागा एकदम घासताना दिसल्या की समजायचं, रंध्याचं कामच नाही.

स्क्रू आवळून बघा. आवळला गेला आणि झडप वर आली तर काम संपलं, चहा प्या. पण जुन्या खिडकीत बहुतेक वेळा स्क्रू नुसता फिरत राहतो, हाताला कळतं ते, काही धरतच नाही, भोक मोठं झालेलं असतं. मग असं करायचं:

झडपेखाली लाकडाची पाचर किंवा पुस्तकांची चळत देऊन वजन टेकवून घ्या. तो स्क्रू काढा. भोकातला भुगा फुंकून काढा, फुंकताना डोळे मिटा. काडेपेटीच्या काड्या, गुल तोडून, किंवा त्याहून चांगलं म्हणजे बांबूची बारीक कामटी, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, जेवढ्या बसतील तेवढ्या. वर आलेली टोकं कटरने सपाट कापा. आणि आता खरी परीक्षा, २४ तास हात लावायचा नाही. लोक अर्ध्या तासात स्क्रू मारतात आणि मग म्हणतात फेविकॉल नकली होता. दुसऱ्या दिवशी मध्यभागी बारीक भोक पाडून स्क्रू बसवा, स्क्रूच्या आट्यांना थोडं मेण लावलं की सागात सुद्धा सहज जातो. एकेका भोकाचं काम करा, तिन्ही स्क्रू एकदम काढू नका.

घाई असेल तर जुना स्क्रू एक इंची असेल तिथे दीड इंची मारा, तो पुढच्या नव्या लाकडात धरतो. पण जाडीला मोठा घेऊ नका, डोकं बिजागरीच्या खाचेत बसत नाही, वर राहतं आणि बिजागरी मिटतच नाही. ही चूक फार ठिकाणी बघितली. खिडकी शेवटच्या अर्ध्या इंचाला स्प्रिंगसारखी परत येत असेल तर आधी स्क्रूची डोकी बघा.

स्क्रू ठीक आहेत तरी झडप स्प्रिंगसारखी मागे येत असेल तर बिजागरी लाकडात जास्त खोल बसवलेली असते. तिच्या मागे पॅकिंग द्यायचं. यासाठी लग्नपत्रिकेपेक्षा चांगली वस्तू मला मिळाली नाही, जाड पुठ्ठा, सपाट, आणि प्रत्येक घरात ढिगाने. बिजागरीच्या पानाच्या मापाने कापा, मागे घाला, स्क्रू आवळा. झडप किंचित झुकलेली असेल तर खालच्या बिजागरीमागे पॅकिंग, त्याने खालची बाजू पुढे सरकते आणि मोकळा कोपरा वर उचलला जातो. एकावर एक दोन-तीन तुकडे लागू शकतात, एकेक वाढवत बघा. ओल लागणारी खिडकी असेल तर पुठ्ठ्याऐवजी जाड प्लास्टिक, दुधाच्या पिशवीचं नाही, जुन्या फाईलच्या कव्हरचं.

बिजागरीची खिळीच झिजली असेल, म्हणजे बंद अवस्थेत पण झडप वरखाली हलते, तर नवीन बिजागरी घ्या. दुकानात जुनी घेऊन जा, नुसतं तीन इंची म्हणून सांगू नका, भोकांची जागा वेगळी असते आणि मग जुन्या भोकाला चिकटून नवीन भोक पडतं, ते कधीच धरत नाही.

रंगाचे थर

आपल्याकडे दिवाळी आली की ऑईल पेंट. दरवर्षी नाही तरी दोन-तीन वर्षांनी एक हात, घासायचं वगैरे काही नाही, जुन्यावर नवा. वीस वर्षांत चौकटीच्या खाचेत आणि झडपेच्या कडेला मिळून दीड-दोन मिलिमीटर नुसता रंग. पेंटर बऱ्याचदा खिडकी बंद ठेवूनच हात मारतो आणि ती रंगाने सीलबंद होते.

अशी खिडकी उघडायला कटरची नवी पाती लागते. झडप आणि चौकटीच्या रेषेत दोनदा-तीनदा कटर फिरवा, आधी हलका मग जोरात, चारही बाजूंनी. मग लांबी म्हणजे पुट्टी लावायची पातळ पत्र्याची पट्टी त्या चिरेत घालून हळू हळू सरकवा. उघडली की कडेचे थर पटाशीने किंवा स्क्रॅपरने खरवडून लाकूड दिसेपर्यंत काढा, फक्त जिथे कार्बनचा डाग आला तिथेच.

इथे एक सावधगिरी. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचा रंग कसा होता ते डब्यावर कोण बघत होतं. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. पाणी मारत वॉटर पेपरने घासा, तोंडाला मास्क, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, खाली प्लास्टिक अंथरा आणि तो भुगा अंगणात झाडू नका, गुंडाळून टाका.

तरीही घासतेच, मग रंधा

आता रंधा. पण ऋतू बघून. आमच्याकडे सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर होळीपर्यंत, लाकडातली पावसाची ओल गेलेली असते आणि उन्हाळ्याने अजून ते पूर्ण आकसलेलं नसतं. नाना पावसाळ्यात रंधा मारतच नाहीत, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी "दिवाईनंतर दखू" म्हणून वाटेला लावतात. ऐन पावसात खिडकी उघडणं गरजेचंच असेल तर तात्पुरतं काम करा: झडप उतरवून एखादा ऊन पडलेला दिवस बघून सावलीत हवेशीर उभी करा, उन्हात नको, वाकते. मग घासणाऱ्या जागेवर मेणबत्ती घासा, चांगली दाबून, पांढरा थर दिसेपर्यंत. साबणाची वडी पण लोक घासतात पण साबण ओल धरतो, मेण बरं.

रंध्याचं काम पायरीने:

आधी झडप लागलेली असतानाच कार्बनचे डाग बघून पेन्सिलने रेघ मारा, नेमकं किती काढायचं. फट मोजायला माझं माप म्हणजे जुनं एटीएम कार्ड, ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. हिवाळ्यात काम करत असाल तर सगळीकडे तीन कार्ड एकदम जातील एवढी जागा ठेवा. पावसात फुगून ती एका-दोन कार्डावर येते आणि खिडकी चालत राहते.

मग झडप उतरवा. एकट्याने नाही. काचेचं वजन लोक विसरतात, ४ मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला १० किलो भरते, वर लाकूड वेगळं. एकाने झडप धरायची, खाली पाचर, आधी खालच्या बिजागरीचे स्क्रू काढायचे आणि सगळ्यात शेवटी वरच्या. वरची आधी काढली तर झडप अंगावर येते. स्क्रू गंजून अडकला असेल तर त्याच्या खाचेतला रंग खिळ्याने कोरून काढा, पेचकस बसवून मागून एक-दोन टोले मारा आणि मग फिरवा.

झडप आडवी, घासायची कड वर, दोन खुर्च्यांमध्ये किंवा दारात पाय अडवून धरा. रंध्याचं पातं अगदी कमी बाहेर, कागदासारखी साल निघाली पाहिजे. वरच्या किंवा खालच्या कडेवर रंधा मारत असाल तर टोकाकडून मधे या, दोन्ही टोकांकडून, सरळ आरपार नेला तर उभ्या पट्टीचं टोक खपलीसारखं फाटतं. चार हात मारले की झडप लावून बघा, परत काढा, परत मारा. कंटाळा येतो. पण काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, माझ्या खिडकीची पट्टी बघायला या वाटल्यास. रंधा नसेल तर सपाट ठोकळ्याला ६० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून पण होतं, वेळ लागतो, चुका कमी होतात.

जमत असेल तर कड्या-कोयंड्याच्या बाजूने न मारता बिजागरीच्या बाजूने मारा, म्हणजे कडीची जागा बदलावी लागत नाही. पण मग बिजागरीची खाच पण तेवढीच खोल करावी लागते, पटाशी चालवता येत असेल तरच.

आणि शेवटची पायरी जी सगळे सोडतात. उघडं लाकूड त्याच दिवशी बंद करा. प्रायमर आणि रंग, नाहीतर नुसतं जवसाचं तेल दोन हात. विशेषतः झडपेची वरची आणि खालची कड. पेंटर तिथे कधीच ब्रश नेत नाही कारण दिसत नाही, आणि पाणी बरोबर तिथूनच शिरतं, लाकडाच्या उभ्या नळ्या तिथे उघड्या असतात. आरसा धरून आपल्या घरातल्या झडपांची खालची कड बघा, कोरं लाकूड दिसेल. नुसती ती कड रंगवली तरी पुढच्या पावसाळ्यात फरक कळतो. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेरी पसरून वाळवा.

रंधा मारताना लाकूड आतून पोकळ लागलं, पातळ मातीची नळी दिसली, तर थांबा, ती उधई म्हणजे वाळवी आहे. पेचकसाचं टोक दाबून बघा, लोण्यासारखं गेलं तर झडपेपेक्षा चौकट आणि भिंत आधी बघायला लागेल.

सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या

जळगाव, धुळ्याला आता सगळे फ्लॅट याच खिडक्यांचे. लोक म्हणतात उन्हाने ॲल्युमिनियम फुगतं म्हणून अडकते. फुगतं, पण एक मीटर लांबीत तापमान ४० अंश वाढलं तरी एक मिलिमीटरच्या आत. अडकते ती मातीने. आपल्याकडची माती बारीक, पहिल्या पावसाने ट्रॅकमध्ये चिखल होतो, उन्हाने वाळतो, वर तेल सोडलेलं असेल तर अजूनच घट्ट. आमच्या फ्लॅटच्या मागच्या खिडकीत ट्रॅकमधून मी एकदा कुंभारीण माशीची अख्खी मातीची घरं काढली, बोटाएवढी, आत वाळलेल्या अळ्या, सिमेंटसारखी कडक. त्यातच रोलर अडकत होता आणि मी सहा महिने तेल सोडत होतो.

तेल आणि ग्रीस ट्रॅकला कधीच नको, धूळ धरते. तो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे गंज सोडवायला, साफ करायला चांगला पण तो उडून जातो, कायमचं वंगण म्हणून चालत नाही. ट्रॅकला सिलिकॉन स्प्रे किंवा परत आपली मेणबत्ती.

साफ करताना आधी सगळं कोरडं. जुना पेंटचा ब्रश, टूथब्रश, व्हॅक्युम असेल तर उत्तम. पाणी आधी ओतलं की चिखल होऊन कोपऱ्यात बसतो. कोरडी माती निघाली की मग ओलं फडकं पेचकसाला गुंडाळून ट्रॅकच्या खाचेतून ओढा. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती सायकलच्या तारेने मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये साचतं, भिंतीत उतरतं, आणि रोलरचं बेअरिंग गंजतं. तपासायला ग्लासभर पाणी ओता, बाहेर पडलं पाहिजे.

एवढ्यावरही जड सरकत असेल तर रोलर. शटरच्या, म्हणजे सरकणाऱ्या काचेच्या झडपेच्या, बाजूला खाली, टोकापाशी, एक छोटं भोक दिसतं आणि आत स्क्रू. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की बहुतेक खिडक्यांत रोलर खाली येतो आणि शटर उचललं जातं, म्हणजे ट्रॅकवर घासायचं थांबतं. दोन्ही टोकांना सारखेच आटे द्या. लॉकचा हूक समोरच्या खाचेत बसतो का ते लगेच बघा, शटर दोन मिलिमीटर वर गेलं तरी लॉक चुकतं, लॉक बिघडलं समजून लोक नवीन आणतात. स्क्रू नसलेले साधे रोलर पण असतात, ते सरळ बदलायचे.

रोलर बदलायला शटर काढावं लागतं. आतलं शटर आधी. वरच्या बाजूला शटर उचकटू नये म्हणून प्लास्टिकचा ठोकळा असतो तो काढा, शटर दोन्ही हातांनी सरळ वर उचला, खालची बाजू ट्रॅकमधून आपल्याकडे घ्या आणि मग खाली. बाहेर ग्रील नसेल तर हे काम वरच्या मजल्यावर स्वतः करू नका, एवढं सोपं सांगतो. जुना रोलर हातात घेऊन बघा, चाक एका बाजूने चपटं झालेलं असतं किंवा फिरतच नाही. दुकानात तोच न्या. नायलॉनचं चाक आवाज कमी करतं, पण मोठ्या जड शटरला बेअरिंगवालंच घ्या. दोन्ही एकदम बदला.

ट्रॅकची कड चेपली असेल तर लाकडाचा ठोकळा लावून पक्कडने हळू सरळ करा. झिजून धारच राहिली नसेल तर ट्रॅकवर बसवायची स्टीलची पातळ टोपी मिळते, फॅब्रिकेटरकडे, म्हणजे या खिडक्या बनवणाऱ्याकडे, विचारा, पूर्ण चौकट बदलायची गरज नसते. तो आधी पूर्ण खिडकीच बदला म्हणेल, तेव्हा हे विचारा.

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या नवीन घरांत येतायत, त्या उन्हाने ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट वाढतात. पश्चिमेची खिडकी दुपारी चारला घट्ट आणि सकाळी मोकळी असेल तर तेच कारण, त्यांना बिजागरीतच ॲडजस्ट करायचे स्क्रू असतात. संध्याकाळी थंड झाल्यावर नाही, दुपारी घट्ट असतानाच ॲडजस्ट करा.

लोखंडी खिडक्या

यात एकच शत्रू, गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून चौकटीच्या झेड आकाराच्या लोखंडी पट्टीच्या खाचेत गंज धरला की झडप बाहेर ढकलली जाते आणि काचेला सुद्धा तडा जातो. तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साईडचा लाल प्रायमर दोन हात, मग रंग. बिजागरीच्या खिळीत गंज सोडवायचा स्प्रे रात्रभर मुरू द्या, सकाळी झडप थोडी थोडी आतबाहेर हलवा, एकदम ओढू नका. सुटली की तिथे शिलाई मशीनचं तेल चालतं, इथे धुळीचा तेवढा प्रश्न नाही. झडप खाली बसली असेल आणि खिळी निघणारी असेल तर तिच्यात एक वॉशर टाका, दोन मिलिमीटर वर येते. वेल्डिंग करायची वेळ आली तर काच आधी काढा.

चौकटच तिरपी असेल तर

वर म्हटलं ना, उन्हाळ्यात अडकते आणि पावसात सुटते. हे खास आपल्या तापीकाठच्या, गिरणाकाठच्या काळ्या मातीचं दुखणं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. उथळ पायाचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं आणि भिंत थोडी जरी हलली की पहिली तक्रार दारं-खिडक्या करतात.

तपासायला सुतळी पुरे. चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यात सुतळी ताणा, खूण करा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत तीच सुतळी. दोन्ही तिरप्या लांब्या सारख्या आल्या तर चौकट काटकोनात. तीन-चार मिलिमीटरचा फरक चालतो, बोटभर आला तर चौकट चेंगरलीय. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग बघा. भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवा, तारीख टाका, दोन पावसाळे ठेवा. कागद फाटला तर भेग चालू आहे.

अशा खिडकीला रंधा मारून मापात आणली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोपऱ्यात अडकणार. आधी पाणी बघा. पन्हाळीचं, न्हाणीचं, कूलरचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरतंय का, आणि भिंतीला लागून झाड आहे का. घराभोवती उतार देऊन सिमेंटचा पट्टा केला की पायाखालची ओल वर्षभर जवळपास सारखी राहते आणि हालचाल बरीच कमी होते. आमच्या मागच्या खोलीची खिडकी त्याच्यानेच सुटली, झडपेला हातही लावला नव्हता, फक्त मोरीचा पाईप लांब नेला. भेगेत जाड पेन्सिल जात असेल, किंवा खिडकीवरचा लिंटेल, म्हणजे भिंत पेलणारी आडवी पट्टी, मध्ये खाली बसलेला दिसत असेल आणि वरून झडप दाबली जात असेल, तर मात्र झडप कापून जागा करू नका. ती झडप तेवढं वजन दाखवतेय, इंजिनिअरला बोलवा.

कड्या राहिल्या. खिडकी नीट लागायला लागली की जुनी कडी कोयंड्यात बसत नाही, कारण ती वाकड्या खिडकीच्या मापाने बसवलेली असते. कोयंडा काढून काड्या-फेविकॉलने जुनी भोकं बुजवा आणि दुसऱ्या दिवशी नवीन जागी बसवा, कानशीने भोक मोठं करत बसू नका. आणि झडप उघडी ठेवायचा हूक प्रत्येक खिडकीला असू द्या. वैशाखातल्या वाऱ्यात झडप एकदा आपटली की बिजागरीचे स्क्रू परत ढिले, परत काडेपेटी.